गवताची वाट : तारापूरची खाडी ते जव्हारचे पठार

तारापूर-चिंचणीच्या खाडीपासून निघून बोईसर आणि पालघरमार्गे वाघोबा खिंड ओलांडणारा, मनोर व विक्रमगड मागे टाकून जव्हारच्या पठारावर चढणारा आणि तेथून मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वराकडे जाणारा रस्ता आज मुख्यतः सहलीचा रस्ता म्हणून ओळखला जातो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत या रस्त्याने सावकाश प्रवास करणाऱ्यांना दोन्ही बाजूंस उतरते हिरवे माळ, त्यांवर विखुरलेली गुरे आणि मधूनच वर आलेले कातळी सुळके दिसतात, आणि हे दृश्य निसर्गाने जसे घडवले तसेच राहिले आहे असा समज सहज होतो. हे माळ मात्र शेकडो वर्षांच्या चराईने, कापणीने आणि राबाच्या लाकूडतोडीने घडलेले आहेत, आणि त्यांवर उगवणाऱ्या गवताने या भागातील राज्ये, व्यापार, देवस्थाने, मजुरी आणि संघर्ष या सर्वांना आकार दिला आहे. म्हणूनच या मार्गाचा इतिहास हा बऱ्याच अंशी गवताचा आणि गवतावर जगणाऱ्या जनावरांचा व माणसांचा इतिहास ठरतो.

स्थानिक व्यवहारात पालघर जिल्ह्याच्या भूमीची विभागणी समुद्रालगतची बंदरपट्टी, लोहमार्गाच्या पूर्वेस सुरू होणारी जंगलपट्टी आणि जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ भाग अशी केली जाते. बंदरपट्टीत भातखाचरे, वाड्या, मिठागरे आणि मासेमारी यांवर उपजीविका चालते, तर पूर्वेकडे जमीन चढत जाते तशी मातीचा थर पातळ होतो आणि भाताची शेती केवळ ओहोळांच्या काठच्या सखल पट्ट्यांपुरती उरते. या खाचरांच्या वर जी उतारावरची हलकी जमीन असते तिला कोकणच्या महसुली परिभाषेत वरकस असे म्हणतात. तेथे नाचणी, वरी यांसारखी पिके दोन-तीन वर्षे घेतली जातात आणि मग ती जमीन काही वर्षे पडीक ठेवली जाते, त्या काळात तिच्यावर गवत वाढते. वरकस जमीन खाचराची पूरक मानली जाई, कारण भाताच्या रोपासाठी लागणारा राब तिच्यावरूनच येत असे. राब म्हणजे झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर रोपवाटिकेवर रचून उन्हाळ्याच्या अखेरीस ते जाळण्याची पद्धत होय. या जाळण्याने तणाचे बी मरते, जमिनीला राख मिळते आणि रोप जोमदार येते. ब्रिटिश सरकारने १८७८ च्या वनकायद्याखाली राखीव जंगलांच्या सीमा आखल्या तेव्हा ठाणे (आजचा पालघर जिल्हा त्या काळी त्यातच होता) व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचा सर्वात मोठा आक्षेप राबावरील निर्बंधांनाच होता, आणि १८८० च्या दशकात नेमलेल्या मुंबई वन आयोगाला या प्रश्नाचा सविस्तर विचार करावा लागला. या तंट्याला केवळ लाकडाचा तंटा समजणे अपुरे आहे, कारण जंगलाच्या हद्दीबरोबर चराईची आणि गवत कापण्याची हद्दही बदलली होती.

गवताच्या जमिनीचे आणखी दोन प्रकार येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. गावाच्या सामाईक चराईसाठी राखलेल्या जमिनीस गायरान किंवा गुरचरण म्हणतात आणि तिच्यावर कोणा एकाची मालकी नसते, तर कुरण म्हणजे गवत कापण्यासाठी मुद्दाम राखलेली व पावसाळ्यात चराईस बंद केलेली जमीन होय. मराठेशाहीत घोडदळाच्या पागांसाठी सरकारी कुरणे राखली जात आणि त्यांतील गवताची कापणी व वाहतूक हे आसपासच्या गावांवरचे एक सक्तीचे काम असे. पश्चिम अमेरिकेतील रांचशी, म्हणजे एकाच मालकाच्या विस्तीर्ण गुरांच्या मळ्याशी, या कुरणांचे बाह्य साम्य असले तरी दोहोंचा पाया वेगळा आहे. तेथे जनावरे हेच उत्पादन होते आणि ती रेल्वेने शहराकडे पाठवली जात, येथे मात्र जनावरे शहरात राहिली आणि डोंगरावरून गवतच रेल्वेने त्यांच्याकडे नेण्यात आले.

रेल्वेपूर्वीच्या काळात या वाटेवरचे सर्वात महत्त्वाचे प्रवासी वंजारी तांडे होते. शेकडो लद्दू बैलांच्या पाठीवर गोणी लादून हे तांडे घाटमाथ्यावरचे धान्य कोकणात उतरवीत आणि परतीच्या वाटेने किनाऱ्यावरचे मीठ देशावर नेत, आणि बैलांना वाटेत चारा विकत घ्यावा लागत नसल्यामुळेच हा व्यापार परवडत असे. दिवसाकाठी थोडेच अंतर चालून दुपारनंतर बैल माळावर सोडण्याच्या या पद्धतीमुळे तांड्यांचे मार्ग पाणी आणि गवत जेथे एकत्र मिळे अशा मुक्कामांनी ठरत गेले. वैतरणेकाठचे मनोर हे यांपैकी मोक्याचे ठिकाण होते, कारण भरतीच्या पाण्याबरोबर गलबते तेथवर येऊ शकत आणि तेथून पुढे माल बैलांच्या पाठीवर चढे. सोळाव्या शतकात वसईहून उत्तरेकडे सत्ता वाढवणाऱ्या पोर्तुगीजांनी मनोर आणि त्याच्या उत्तरेचा अशेरीगड आपल्या ताब्यात ठेवला, त्यामागे जहाजबांधणीस लागणारे सागाचे लाकूड आणि ही घाटवाट अशी दोन्ही कारणे होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या उत्तर कोकण मोहिमेत तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला, त्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडल्यानंतर किनारा आणि घाटमाथा पुन्हा एका सत्तेखाली आले. तारापूरचा अंतर्भागाशी असलेला संबंध पुढेही टिकून राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने वऱ्हाडचा कापूस मुंबईस आणण्याच्या व्यापारात आणि पुढे निजामाच्या सावकारीत जे स्थान मिळवले, त्यावरून किनाऱ्यावरच्या या लहान गावाची दृष्टी घाटापलीकडे किती दूरवर पोहोचली होती हे समजते.

या मार्गाचा वरचा टप्पा जव्हार संस्थानाच्या हद्दीतून जात असे. महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे हे संस्थान चौदाव्या शतकात उदयास आले आणि त्याच्या उत्पत्तीविषयीची जी कथा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे तिच्या केंद्रस्थानी एक बैल आहे. मूळ पुरुष जयाबा याने तेथील वारली प्रमुखाकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि मागणी मान्य होताच त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्याने मोठा प्रदेश वेढून घेतला, असे ती कथा सांगते. कार्थेज नगरीची स्थापना करणाऱ्या डायडो राणीविषयी भूमध्य समुद्राकाठी हीच कथा सांगितली जात असे, आणि म्हणून तिचा ऐतिहासिक पुरावा म्हणून उपयोग नाही. तरीही कोळी राज्याच्या आधी या पठारावर वारली सत्ता होती ही आठवण तिने जपली आहे, आणि पुढे याच वारल्यांची जी अवस्था झाली ती पाहता ही आठवण मोलाची आहे. जयाबाच्या मुलास दिल्लीच्या सुलतानाकडून १३४३ मध्ये नेमशहा हा किताब मिळाला असे संस्थानची परंपरा मानते. १६६४ च्या जानेवारीत सुरतेकडे जाताना शिवाजी महाराजांनी जव्हारजवळच्या माळावर तळ दिला आणि राजे विक्रमशहा यांनी तेथे त्यांचे स्वागत केले, या परंपरेने ती जागा शिरपामाळ म्हणून प्रसिद्ध आहे. घोडदळाच्या वेगवान हालचालीत चाऱ्याचे महत्त्व लक्षात घेता या मुक्कामासाठी उघडा माळ निवडला जाणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

पठारावरच्या गुरांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे अवश्य आहे. जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, इगतपुरी आणि अकोले या अतिवृष्टीच्या पट्ट्यात आढळणारी डांगी ही गाय-बैलांची जात येथील हवामानाने घडवलेली आहे. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि त्यामुळे संततधार पावसात अंगावर पाणी टिकत नाही, तर तिचे काळे टणक खूर कातळावर आणि चिखलात सारखेच टिकतात. पांढऱ्या अंगावर काळ्या किंवा तांबड्या ठिपक्यांच्या कमी-अधिक प्रमाणावरून पाळणारे लोक पारा कबरा, बहाळा कबरा, मणेरा, शेवरा अशी तिची नावे ठेवतात. दुधाच्या हिशेबात ही जात मागे पडते, परंतु भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात दिवसभर काम करणारा आणि घाट चढून ओझे नेणारा बैल हवा असेल तर तिच्याइतकी विश्वासाची दुसरी जात या भागात नव्हती.

जेथे गुरे तेथे वाघ हे समीकरण वारली आणि कोकणा आदिवासींच्या धर्मजीवनात वाघोबाच्या रूपाने स्थिर झाले आहे. लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरून शिवेवर किंवा खिंडीत त्याची स्थापना केली जाते, आणि पालघर-मनोर रस्त्यावरची वाघोबा खिंड याच देवाच्या नावाने ओळखली जाते. आश्विन वद्य द्वादशीस देशावर वसुबारस म्हणून गाय-वासरांची पूजा होते, तर त्याच तिथीच्या सुमारास येथे वाघबारस पाळली जाते आणि गुराखी एकत्र येऊन वर्षभर गुरांचे रक्षण केल्याबद्दल व पुढेही करावे म्हणून वाघोबाला मान देतात. वाघ आता या डोंगरांतून नाहीसा झाला असला तरी बिबट्या आहे, आणि वाघोबाचा मान त्यालाही मिळतो. हिंस्र प्राण्याला शत्रू न मानता त्याच्याशी करार करण्याची ही वृत्ती अत्यंत प्रगल्भ आहे, आणि वन्यजीव अभ्यासकांनी अलीकडच्या वर्षांत तिची दखल घेतली आहे.

या संथ व्यवस्थेत मोठा बदल घडवला तो रेल्वेने. १८६४ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग सुरतेकडून मुंबईतील ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि पालघर, बोईसर ही ठिकाणे मुंबईच्या बाजारपेठेस जोडली गेली. मुंबई त्या काळी जनावरांच्या श्रमावर चालणारे शहर होते. १८७४ मध्ये तेथे सुरू झालेली ट्राम घोडे ओढीत, विजेची ट्राम १९०७ मध्ये आली, आणि बग्ग्या, मालाचे खटारे, लष्करी घोडे व दुधासाठी तबेल्यांत बांधलेल्या म्हशी या सर्वांना रोज चारा लागे. त्याच १८७४ साली अमेरिकेत जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे एकस्व मिळाले आणि तेथील मोकळ्या माळांचे खासगी मळ्यांत रूपांतर झपाट्याने झाले. ठाणे जिल्ह्यात तार न ओढताच तसेच रूपांतर घडले, कारण मुंबईत गवताला किंमत येताच पडीक वरकस जमिनीलाही किंमत आली आणि सावकारांचे लक्ष तिच्याकडे वळले.

गवताच्या व्यापाराचे तंत्र समजून घेतल्याशिवाय त्यातील शोषण समजत नाही. पावसाळ्यात माळावर गुरांना मज्जाव करून गवत वाढू दिले जाई आणि दसऱ्याच्या सुमारास, पाऊस उघडताच, कापणीस प्रारंभ होई. पवन्या आणि शेडा ही गवते फुलोऱ्यावर असताना कापली तरच त्यांत सत्त्व टिकते, उशीर झाल्यास काडी राठ होते आणि कुसळीसारख्या गवताची कुसळे जनावरांच्या तोंडाला इजा करतात. म्हणून काही आठवड्यांतच सर्व माळ कापून काढणे भाग असे आणि याच काळात भाताचीही कापणी असल्यामुळे मजुरांना स्वतःचे शेत बाजूस ठेवून मालकाच्या कुरणात जावे लागे. विळ्याने कापलेले गवत उन्हात वाळवून त्याच्या पेंढ्या बांधत, पेंढ्यांचे भारे डोक्यावरून गंजीपर्यंत नेत, आणि तेथून बैलगाड्यांनी रेल्वेस्थानकाजवळच्या वखारीत आणत. सुके गवत वजनाने हलके पण आकाराने मोठे असल्यामुळे ते सुटे पाठवल्यास वाघिणीचे भाडे परवडत नाही. दाबयंत्रात घालून त्याच्या घट्ट गाठी बांधल्यावरच हा माल दूर पाठवण्यासारखा होतो, आणि ज्याच्याकडे दाबयंत्र व वखार त्याच्याच हाती भाव ठरवण्याची सत्ता जाते.

ही सत्ता कोणाकडे होती आणि तिची किंमत कोणी मोजली, हा या इतिहासाचा गाभा आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की वारली कुटुंब सावकाराकडून खावटी घेई, म्हणजे खाण्यापुरते धान्य उसने घेई, आणि सुगीनंतर ते दीडपट-दुपटीने फेडावे लागे. फेड न झाल्यास जमीन सावकाराच्या नावावर चढे आणि पूर्वीचा मालक खंडाने कसणारे कूळ बने. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी पती-पत्नींना वर्षानुवर्षे मालकाकडे राबवणाऱ्या लग्नगडी प्रथेची आणि बिनमजुरीच्या वेठीची नोंद डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला सादर केलेल्या अहवालात स्पष्टपणे केली होती. त्यावर परिणामकारक कारवाई झाली नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले, २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी येथे हजारो वारली जमले, आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ व लग्नगडी बंद करण्याचा निर्धार झाला. त्या वर्षीच्या गवतकापणीच्या हंगामात ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो, गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी या मागणीसाठी संप पुकारण्यात आला. हंगाम थोडक्या दिवसांचा असतो आणि उभे गवत थांबत नाही, हे वारली मजूर मालकांइतकेच नीट जाणत होते, आणि त्यांच्या संपाची ताकद त्याच जाणिवेत होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह ५ जण मृत्युमुखी पडले. संप तरीही मोडला नाही. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक या लढ्याचे मराठीतील प्रमुख साधन असून त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

मोठी माणसे गवत कापीत तेव्हा मुले गुरे राखीत, आणि म्हणून शाळेत जाण्याच्या वयाची आदिवासी मुले दिवसभर माळावर असत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलवले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण उभी राहिली. तिच्यावर त्यांनी शोधलेला उपाय कुरणशाळा या नावाने शिक्षणाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शिक्षकाने माळावर जावे आणि गुरे चरत असतानाच दगड, पाने, बिया आणि आसपासचे पक्षी-प्राणी यांच्या साह्याने शिकवावे, असे तिचे स्वरूप होते. महाराष्ट्रातील शिक्षणप्रयोगांचा विचार करताना कुरणशाळेला जेवढे महत्त्व मिळायला हवे तेवढे मिळालेले नाही, कारण मुलाच्या श्रमाची वस्तुस्थिती मान्य करून तिच्याभोवती शिक्षण रचण्याचे धैर्य तिच्यात होते.

स्वातंत्र्यानंतरच्या कूळकायद्याने भातजमिनींचा प्रश्न काही प्रमाणात सोडवला, परंतु गवताच्या जमिनी त्यातून बऱ्याच निसटल्या, कारण त्या कोणी कसत नव्हते आणि म्हणून त्यांना कूळही नव्हते. मालकांना गवत कमी खर्चात आणि कटकटीशिवाय पैसा देई, तर भूमिहीनांना त्याच जमिनीत धान्य पिकवायचे होते. शेजारच्या, आज गुजरातेत असलेल्या, पारडी तालुक्यात ईश्वरभाई देसाई यांच्या नेतृत्वाखाली १९५३ मध्ये सुरू झालेला सत्याग्रह नेमक्या याच मागणीचा होता. मुंबईच्या तबेल्यांसाठी राखलेल्या माळांवर नांगर चालवून आदिवासींनी तेथे अन्न पिकवण्याचा हक्क सांगितला, आणि हा लढा दीर्घकाळ चालला. पालघर तालुक्यात १९७० च्या दशकात काळूराम धोदडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या भूमिसेनेनेही मनोरच्या परिसरात हिरावलेल्या जमिनींचा प्रश्न हाती घेतला.

शासनाने गवत मुंबईस नेण्याऐवजी म्हशीच मुंबईबाहेर आणण्याचा विचार केला. आरे दुग्ध वसाहत हा त्याचा पहिला टप्पा होता आणि डहाणू तालुक्यातील दापचरी येथील दुग्धप्रकल्प हा पुढचा. कुर्झे धरणाच्या पाण्यावर वैरण वाढवून तेथे तबेल्यांच्या म्हशी वसवण्याची ही योजना अमेरिकी पद्धतीच्या पशुपालन प्रदेशाच्या कल्पनेस या जिल्ह्यात सर्वात जवळ गेलेली होती. अपेक्षित प्रमाणात ती यशस्वी झाली नाही, कारण शहरातील गोठेवाल्यांना ग्राहकापासून दूर जाणे रुचले नाही आणि ज्यांच्या जमिनी प्रकल्पाखाली गेल्या त्या स्थानिकांना दुधाच्या व्यवसायात पुरेसे स्थान मिळाले नाही. म्हशी मुंबईत राहिल्या, आणि गवताच्या गाड्याही चालू राहिल्या.

दरम्यान किनाऱ्यावरचे चित्र पालटले होते. तारापूर येथे १९६९ मध्ये भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले, बोईसरभोवती औद्योगिक वसाहत वाढली, आणि २००५-०६ मध्ये ५४० मेगावॉटच्या दोन नव्या अणुभट्ट्या सुरू होण्यापूर्वी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांचे पुनर्वसन करण्यात आले. बोईसर-चिल्हार रस्ता महामार्गास मिळतो तेथपर्यंत आता मालट्रकांची सलग वर्दळ असते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि पालघर हे मुख्यालय झाल्यामुळे जव्हार-मोखाड्याहून तेथे येणाऱ्या माणसांची संख्या वाढली. पूर्वी गवत ज्या दिशेने वाहत जाई त्याच दिशेने आता पठारावरची कुटुंबे भातकापणीनंतर वीटभट्ट्या, बांधकामे आणि कारखाने यांकडे स्थलांतर करतात. गवताच्या वखारी संख्येने घटल्या असल्या तरी विक्रमगड, वाडा आणि मनोर या भागांत दिवाळीनंतर दाबलेल्या गवताच्या गाठींनी उंच भरलेले ट्रक अजूनही महामार्गाला लागतात.

जुन्या सात-बारा उताऱ्यांत ज्या जमिनींसमोर गवतपड, म्हणजे गवतासाठी पडीक, अशी नोंद असे त्यांतील कित्येकींवर आज शेतघरे, फळबागा, दगडखाणी आणि गोदामे आहेत. दुसऱ्या बाजूस २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क आणि सामूहिक वनसंपत्तीचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड तालुक्यांतील ग्रामसभांना आपल्या माळांवर असे सामूहिक दावे करता येतात. असा दावा सिद्ध करायचा तर गाव कोठे गुरे चारीत असे, कोठून राब आणीत असे आणि कोणत्या उतारावरचे गवत कोण कापीत असे, याचा पुरावा ग्रामसभेला गोळा करावा लागतो. वनविभागाच्या आणि महसुलाच्या कागदांत अपुरी राहिलेली ही माहिती वृद्ध गुराख्यांच्या आणि गवत कापणाऱ्या स्त्रियांच्या स्मरणात आहे, आणि कायद्याच्या नियमांनी गावातील ज्येष्ठांचे लेखी निवेदन पुरावा म्हणून ग्राह्य मानले आहे.